जुनी शेगडी घरात आणताना

मावळातला पाऊस ओसरला तरी घरातली ओल लवकर ओसरत नाही. लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढे गावात दसऱ्यापर्यंत गोधड्यांना दमट वास येत राहतो आणि कार्तिक लागला की त्या ओलीवर थंडी येऊन बसते. वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या टापूत विस्तवाभोवती एक स्वतंत्र संसार असे : मातीची वैलचूल, बिडाची शेगडी, फुंकणी, चिमटा, सांडशी, न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि देवापुढचे धुपाटणे. गॅस आला तसा हा संसार माळ्यावर गेला. बराचसा मोडीतही निघाला. आता मात्र तीच भांडी मानाने परत येऊ लागली आहेत. नव्या घरांच्या दिवाणखान्यात बंब उभा दिसतो, फुंकण्या भिंतीवर टांगलेल्या असतात, शेगडीत फुलझाडे लावलेली असतात.

मलाही या वस्तूंचे वेड आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात मुलगी बाळंतपणासाठी घरी यायची होती आणि माझ्या यजमानांच्या आत्याबाईंनी सासूबाईंची जुनी शेगडी माळ्यावरून काढायला सांगितली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक ठेवायचा, बाळाला ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी द्यायची, असा त्यांचा बेत होता. तोवर जुनी वस्तू निवडताना मी तिची घडण तेवढी पाहत असे. ती पेटल्यावर घरातल्या माणसांचे काय होईल, हा प्रश्न तेव्हा प्रथम समोर उभा राहिला.

आधी घडणीविषयी. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीत हिंडताना मी पर्समध्ये एक लहान लोहचुंबक ठेवते. पितळेला आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर वरचा पिवळा मुलामा आणि आत लोखंड, असे समजावे. हाताने ठोकून घडवलेल्या भांड्यावर हातोडीच्या खुणा दिसतात. त्या उजेडात तिरक्या धरून पाहाव्यात. बिडाच्या शेगडीवर बोटाने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे आणि तापल्यावर ती फुटू शकते. बंब घेताना मधली नळी, खालची जाळी आणि तोटीचा जोड पाहावा. त्यात पाणी भरून तासभर ठेवल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. जुन्या जोडकामात शिसे असू शकते, म्हणून बंबातले पाणी आंघोळीपुरतेच वापरावे. ते पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये.

चकाकीला भुलू नये. पुष्कळ दुकानांत जुन्या पितळेवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लेप देतात. असे भांडे तापले की तो लेप जळून उग्र धूर होतो. लोखंडी वस्तूंवरच्या जुन्या रंगातही शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो घरात, विशेषतः लहान मुलांच्या आसपास, कोरडा घासून काढू नये. खाण्याच्या उपयोगाचे पितळी वा तांब्याचे भांडे असेल, तर त्याला कल्हई केल्यावाचून त्यात आंबट पदार्थ शिजवू नयेत.

या वस्तूंचे मोल समजून घ्यायचे असेल, तर पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय सहकुटुंब पाहावे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या ऐवजाइतक्याच मायेने तिथे घरगुती वापराची साधी भांडीही जपली आहेत. ती पाहताना जाणवते, की प्रत्येक भांड्याचा आकार एखाद्या घराच्या गरजेतून आलेला असतो.

आणि खरी मेख इथेच आहे. शेगडी ज्या घरासाठी घडली ते घर आता राहिलेले नाही. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई, दरवाजा दिवसभर उघडा असे, पडवीतून वारा खेळे. तरीही त्या धुराने बायकांच्या डोळ्यांचे आणि छातीचे किती नुकसान केले ते आपण जाणतो. चुलीच्या व तत्सम इंधनांच्या घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आजच्या घरावर स्लॅब आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आहेत आणि थंडी पडली की आपण त्या घट्ट लावून घेतो.

अशा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, तर धूर दिसत नसतानाही धोका असतो. कोळसा अपुरा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर हे कळतही नाही. गर्भवती आणि तान्ही बाळे यांना त्याचा धोका अधिक. लाल निखारा धूर करत नाही म्हणून तो निर्धोक, ही समजूत जीवघेणी ठरू शकते. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खंडाळा-लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांतल्या भिंतीतल्या शेकोटीलाही हाच नियम लागू आहे. तिच्या शेजारचा चिमटा, उकरणी, राखेची फावडी आणि ठिणग्या अडवणारी जाळी हा संच जुन्या बाजारात सुरेख मिळतो. मात्र धुराडे वर्षानुवर्षे बंद असेल, तर त्यात काजळी किंवा पाखरांची घरटी अडकलेली असू शकतात. आधी ते माणूस लावून साफ करून घ्यावे, मगच लाकूड पेटवावे. राख पूर्ण विझल्याची खात्री होईपर्यंत ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर ठेवावी.

हे सारे मी आत्याबाईंना सांगितले, तेव्हा त्या रागावल्या. ‘‘अगं, आमची पाच बाळंतपणं याच शेकावर झाली.’’

‘‘झाली, आत्याबाई. पण तुमच्या त्या घराला कौलं होती आणि रात्री दाराची फट बोटभर उघडी असायची.’’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारले, ‘‘मग पोराला ऊब कशी द्यायची?’’

हा प्रश्न रास्त होता. बालरोगतज्ज्ञांनी धुरी साफ नाकारली होती. पण बाळाला थंडी बाधते, ही आत्याबाईंची काळजी त्यांनी मान्य केली. टोपडे, मोजे, सुती कपड्यांचे दोन थर, आणि सर्वांत मुख्य म्हणजे आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून वर पांघरूण घालणे, हा त्यांनी सांगितलेला उपाय. अंथरूण ऊबदार करायचे तर गरम पाण्याची पिशवी आधी ठेवावी आणि बाळाला निजवण्यापूर्वी ती काढून घ्यावी.

शेगडीचा निवाडा शेवटी आत्याबाईंनीच केला. ‘‘पडवीत ठेव. दुपटी तरी वाळतील.’’ त्या दमट महिन्यात उघड्या पडवीत, निखारे चांगले फुलल्यावर, शेगडीवर बांबूचे टोपले पालथे पडे आणि दुपट्यांना ऊब येई. कापड पेट घेऊ नये म्हणून आत्याबाई हातात चिमटा घेऊन शेजारीच बसत आणि निखारे पाण्याने विझवल्यावाचून उठत नसत.

तेव्हापासून विस्तवाची कोणतीही जुनी वस्तू हातात घेतली, की किंमत विचारण्याआधी मी मनाशी तिची जागा ठरवते. वर आभाळ किंवा मोकळे धुराडे असेल, तर तिने पेटावे. तसे नसेल, तर तिने कोनाड्यात घासूनपुसून, थंड बसावे. तशीही ती सुंदरच दिसते.