पाळी जाताना पोट का बिघडतं?

पंचेचाळिशीच्या आगेमागे बाईचं पोट बिघडलं की आपल्याकडे तिला आधी गॅसची गोळी मिळते. सकाळी उपाशीपोटी, महिनाभर. फरक पडला नाही तर सोनोग्राफी, मग दुर्बिणीची तपासणी. रिपोर्ट नॉर्मल येतात, घरचे निश्चिंत होतात, आणि त्या दिवसापासून तिचं दुखणं 'मनाचं' ठरतं. मी सोलापुरात पोटाच्या विकारांची डॉक्टर म्हणून काम करते. या वयाच्या ज्या बायका माझ्यापर्यंत पोचतात, त्यातल्या बऱ्याच जणी हा सगळा फेरा करून थकून आलेल्या असतात. त्यांची फाइल बाजूला ठेवून मी आधी विचारते, "पाळीचं कसं चाललंय?"

काही जणी चपापतात. सोबत यजमान असतील तर त्यांच्याकडे बघतात. मी यजमानांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगते. मग हळूहळू सगळं निघतं. वर्षभरापासून पाळी मागेपुढे होतेय, कधी वीस दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी. रात्री अंगातून वाफा निघतात, पहाटे तीनला झोप मोडते ती पुन्हा लागत नाही. आणि पोटाची तक्रारही साधारण त्याच सुमारास सुरू झालेली असते. या दोन गोष्टींचा संबंध असेल असं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाने शौचाचं विचारलेलं नसतं आणि पोटाच्या डॉक्टरने पाळीचं.

संबंध आहे, आणि तो आतड्याच्या भिंतीत आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी पसरलेली असतात. माइसनर आणि आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. या पेशींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणारे सगळे मज्जातंतू तोडून पाहिले. तरीही आतडं आपला घास पुढे ढकलतच राहिलं. म्हणजे पचनाचा रोजचा कारभार आतडं स्वतःच्या मज्जासंस्थेवर चालवू शकतं. मेंदूशी त्याचा संवाद चालतो तो मुख्यतः व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूतून, आणि त्यातले जवळजवळ ऐंशी टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत. मेंदू पोटाला जितकं सांगतो, त्याहून कितीतरी जास्त पोट मेंदूला सांगत असतं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. ते मेंदूत शिरत नाही, पण आतड्याची हालचाल आणि तिथून निघणारी संवेदना या दोन्हींवर त्याचा ताबा असतो.

या सगळ्या यंत्रणेवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर आहेत. बाईला हे शाळेत असल्यापासून अनुभवाने माहीत असतं. पाळीच्या आधीचे काही दिवस पोट जड, शौचाला कडक, आणि पाळी सुरू झाली की एकदम पातळ. आधीचा जडपणा प्रोजेस्टेरॉनमुळे, कारण ते आतड्याच्या स्नायूंना सैलावतं. नंतरची घाई प्रोस्टाग्लँडिनमुळे, जे गर्भाशयाबरोबर आतड्यालाही आवळतं. महिन्याचं हे चक्र तीस-पस्तीस वर्षं अंगवळणी पडलेलं असतं.

पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत हे चक्र विस्कटतं. इस्ट्रोजेन हळूहळू, पायरी पायरीने उतरतं अशी बहुतेकांची समजूत आहे, पण तसं होत नाही. ते एखाद्या महिन्यात तरुणपणापेक्षाही वर जातं, पुढच्या महिन्यात कोसळतं. बीज सुटत नाही त्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉन जवळजवळ तयारच होत नाही. आतड्याच्या मज्जापेशींना रोज वेगळा हुकूम मिळत राहतो. म्हणूनच या वयात एकाच बाईला एका आठवड्यात बद्धकोष्ठ आणि दुसऱ्या आठवड्यात जुलाब होतात, आणि ती सांगायला लागली की ऐकणाऱ्याला वाटतं, हिचं काही खरं नाही. मला तिचं ऐकूनच निदानाची दिशा मिळते. पाळी कायमची थांबून वर्ष उलटलं की चढउतार ओसरतात, मात्र तोवर आतड्याची चाल मंदावलेली असते.

हालचालीपेक्षाही मोठा बदल संवेदनेत होतो. १९७३ मध्ये रिची या ब्रिटिश संशोधकाने चिडखोर आतड्याच्या, म्हणजे आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा घालून त्यात हवा भरली. निरोगी माणसाला जितक्या हवेने काही वाटत नाही, तितक्यानेच या रुग्णांना वेदना होत होत्या. आतडं दिसायला ठणठणीत होतं, फक्त त्याची खबर मेंदूला फार मोठी होऊन पोचत होती. दुर्बिणीने आतड्याचं अस्तर दिसतं, सोनोग्राफीत अवयवांचा आकार दिसतो. मज्जातंतू किती हळवे झालेत, हे यातल्या कशातच दिसत नाही. रात्रीची मोडलेली झोप या हळवेपणात भर घालते. म्हणून माझ्या बायकांना मी स्पष्ट सांगते की तुमचा नॉर्मल रिपोर्ट खरा आहे आणि तुमचं दुखणंही खरं आहे.

आता गॅसबद्दल. "मॅडम, सकाळी पोट सपाट असतं, दुपारनंतर डब्ब होतं, परकराची नाडी सैल करावी लागते." ही तक्रार मी रोज ऐकते. बार्सिलोनाच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे पोट फुगलेलं असताना आणि नसताना, असे दोन्ही वेळचे सीटी स्कॅन काढले. बहुतेकांच्या पोटातला वायू जेमतेम वाढलेला होता. बदल झाला होता तो स्नायूंच्या वागण्यात. एरवी पोटात भर पडली की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, वर सरकतं आणि पोटाची पुढची भिंत आवळते. या रुग्णांत नेमकं उलटं घडत होतं. श्वासपटल खाली दाबलं जात होतं आणि पुढची भिंत सैल पडत होती. हळव्या झालेल्या आतड्याला जराशी भरही सहन होत नाही आणि शरीर ही चुकीची प्रतिक्रिया देतं. पोट फुगतं हे खरंच, टेपने मोजता येतं. पण ते वायूने फुगलेलं नसल्यामुळे वायूच्या गोळ्या, सोडा, ओवा यांनी ते उतरत नाही. श्वासपटलाला पुन्हा वळण लावावं लागतं. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसून किंवा पडून, हात पोटावर ठेवून, सावकाश श्वास आणि त्याहून लांब उच्छ्वास. मी हे माझ्यासमोर करून घेते. नुसतं तोंडी सांगितलं तर दहातल्या नऊ जणी छातीनेच श्वास घेतात.

सकाळच्या त्या गोळीबद्दल मला थोडं कठोर बोलावं लागेल. पँटोप्रॅझोलसारखी औषधं खऱ्या आम्लपित्तावर, अल्सरवर उत्तम आहेत, आणि या वयात पोटाचा घेर वाढल्याने छातीत जळजळही वाढते, हे मान्य. पण निदान नसताना ही गोळी वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्या बायका मी फार बघते. दीर्घकाळ घेतल्यावर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, खुब्याच्या फ्रॅक्चरशीही तिचा संबंध आढळलेला आहे. आणि हाडं सर्वांत वेगाने झिजतात ती पाळी जाण्याच्या आगेमागच्या याच वर्षांत. त्यातच कॅल्शियम कार्बोनेट शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं, जे गोळीने कमी केलेलं असतं. मग कॅल्शियमने आणि लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ, त्यासाठी रात्रीचं चूर्ण. असा गोळ्यांचा ढीग घेऊन बाई येते, तेव्हा माझं पहिलं काम काही लिहून देण्याचं नसतं, काढून टाकण्याचं असतं.

एक तक्रार मात्र आपणहून कधीच सांगितली जात नाही, ती विचारून काढावी लागते. "शौचाला होतं, पण पूर्ण होत नाही." वीस-वीस मिनिटं बसायचं, जोर करायचा, आणि शेवटी बोटाने दाब द्यायचा. कुणी योनीच्या मागच्या भिंतीवर दाबतं, कुणी गुदद्वाराच्या बाजूला. बहिणीलाही हे सांगितलेलं नसतं. आपण काहीतरी घाण करतो अशा लाजेने वर्षं काढलेली असतात. बाळंतपणांत ताणलेल्या कटितळाच्या स्नायूंचा आधार वयाबरोबर ढिला होतो, इस्ट्रोजेन गेल्यावर तिथल्या पेशीही पातळ होतात, आणि मलाशय योनीकडे फुगतं. काहींमध्ये तर जोर करताना जो स्नायू सैल पडायला हवा तोच आवळतो. अशा वेळी जुलाबाची औषधं वाढवून उपयोग नसतो. मॅनोमेट्री नावाच्या तपासणीत हे कळतं आणि बायोफीडबॅकने, म्हणजे पडद्यावर स्वतःच्या स्नायूची हालचाल बघत शिकून, ते बरंच सुधारतं. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घेतल्यानेही मलाशयाचा कोन मोकळा होतो.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. जिल्ह्यातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या बायकांमध्ये 'पिशवी काढलेल्या' पुष्कळ असतात, अगदी तिशीतल्या. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं पुढे आलं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर जो बदल व्हायला काही वर्षं लागतात तो एका दिवसात होतो. भारतीय बाईची पाळी नैसर्गिकपणे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, हिची बत्तिसाव्या वर्षी गेलेली. "अंडाशय ठेवलंय का?" असं विचारलं तर तिला माहीत नसतं, कागद नसतो. कोयता घेऊन पहाटे चारला फडात उतरणारी, दिवसभर संडासाची सोय नसल्याने पाणीही मोजून पिणारी ही बाई बद्धकोष्ठ घेऊन येते, तेव्हा तिला 'भाज्या खा, चाला' एवढंच सांगून पाठवणं मला अपराध वाटतो.

सगळं पाळीच्या खात्यावर टाकण्याचा धोकाही मोठा आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट सतत फुगू लागलं, चार घासांत पोट भरू लागलं, ओटीपोटात दुखू लागलं, लघवीला वारंवार जावं लागू लागलं, तर ती अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते. आयबीएस या वयात नव्याने सुरू होणं विरळच, म्हणून ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०११ पासून अशा बाईची सीए-१२५ ही रक्ततपासणी करायला सांगतात, आणि ती वाढलेली असेल तर सोनोग्राफी. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काहीही असेल तर 'मूळव्याध असेल' म्हणून थांबू नका. थायरॉइडही तपासून घ्या. ते मंदावलं की आतडं मंदावतं, आणि या वयात बायकांमध्ये ते वरचेवर मंदावतं.

औषधांमध्ये एकाबद्दल फार गैरसमज आहे. अमिट्रिप्टिलिन. चिठ्ठी घेऊन दुकानात गेलं की कुणीतरी सांगतं, "ही डोक्याची गोळी आहे," आणि ती घेतलीच जात नाही. नैराश्यासाठी ती पंचाहत्तर मिलिग्रॅमच्या पुढे दिली जाते, मी रात्री दहा मिलिग्रॅमने सुरू करते. इतक्या डोसमध्ये ती आतड्याच्या मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करते. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ४६३ आयबीएस रुग्णांवर दहा ते तीस मिलिग्रॅमचा उपयोग सिद्ध झाला. तिने झोपही लागते. बद्धकोष्ठ असेल तर मात्र मी ती जपून देते, कारण ती आतडं आणखी मंदावते. हार्मोनच्या गोळ्या फक्त पोटासाठी मी सुचवत नाही. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने पित्तखडे आणि जळजळ वाढू शकते. पण वाफांनी झोप उडालेली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून, शक्य असेल तिथे त्वचेवरून दिलं जाणारं इस्ट्रोजेन निवडलं, की झोपेबरोबर पोटही सावरताना मी पाहिलं आहे.

खाण्याबाबत माझा आग्रह सोडण्यापेक्षा ठेवण्यावर आहे. पोट बिघडलं की बायका एकेक पदार्थ सोडत जातात. आधी डाळ, मग दूध, मग भाकरी, आणि शेवटी पातळ वरण-भातावर येतात. प्रथिनं कमी पडतात, स्नायू झिजतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने दाखवलेला कमी फॉडमॅपचा आहार, ज्यात कांदा, लसूण, गहू, राजमा असे पदार्थ टाळतात, तो चार-सहा आठवड्यांसाठीच असतो. नंतर एकेक पदार्थ परत आणून नेमका कोणता बाधतो ते शोधायचं असतं. आमच्याकडची ज्वारीची भाकरी या काळात बहुतेकींना मानवते. इसबगोल रोज, भरपूर पाण्याबरोबर. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या नवरात्राच्या नऊ दिवसांनंतर माझ्या ओपीडीत गर्दी वाढते. उपवास करायचाच असेल तर भगर, राजगिरा, दही, काकडी, फळं यांवर करावा.

आणि एक गोष्ट घरातल्या बाकीच्या माणसांसाठी. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठं आतडं दिवसातल्या सर्वांत जोरदार लाटा काढतं. नेमक्या त्याच वेळी घरातली बाई डबे भरत असते. संवेदना येते, ती दाबते, "सगळे गेले की जाईन" म्हणते. वर्षानुवर्षं असं दाबल्यावर मलाशय इशारा द्यायचंच थांबवतं. मंदावलेल्या आतड्याला पाळी जाण्याच्या वयात ही सवय परवडत नाही. म्हणून माझ्या चिठ्ठीवर औषधांच्या आधी एक ओळ असते: सकाळी चहानंतर पंधरा मिनिटं, रोज, ठरलेल्या वेळी. ही ओळ मी यजमानांना आत बोलावून त्यांच्यासमोर मोठ्याने वाचते, कारण त्या पंधरा मिनिटांत डबे कुणी भरायचे ते त्यांना ठरवायचं असतं.