फाट्यापातुर येतो

कसाऱ्याला लोकल संपते. 1975 ते 1985च्या सुमारास मुंबई, ठाणे, डोंबिवलीत कॉलेजात असणाऱ्या आमच्या पिढीची सुटी तिथून सुरू व्हायची. पुढे मिळेल त्या गाडीनं घोटी, घोटीहून शेंडीची एस.टी., मग भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेकडेनं रतनवाडी. तिथून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, टोलारखिंड आणि खाली खिरेश्वर. ही वाट जे चाललेत, त्यांचे गुडघे ही नावं नुसती वाचूनही बोलू लागतील.

पायांत हंटर बूट असायचे, चांभाराकडून टाके घालून घेतलेले. पाठीवर कुणाच्या तरी थोरल्या भावाची सॅक, तुटलेल्या पट्ट्याच्या जागी सुतळी. बॅटरीचे सेल उतरले की उन्हात ठेवायचे, आणखी एखादी रात्र निघायची. आईनं बांधून दिलेल्या दशम्या, लसणाची चटणी, आणि रॉकेलची बाटली, चिंधीचं बूच लावलेली. दुसऱ्या दिवसापासून दशम्यांना रॉकेलचा वास येई आणि तरी त्या संपत. नकाशा कुणाकडेच नसे. वाट विचारायची आणि चालायचं.

वाट विचारली की उत्तर ठरलेलं. ‘ह्ये काय, हितंच हाय, हाकेवर.’ हाकेवरची ती खिंड आम्हाला दोन तासांनी भेटायची, कारण सांगणाऱ्याची चाल वेगळी आणि आमची वेगळी. पण नुसता हात करून दाखवणारे थोडेच. डोंगरात ढोरवाटा अशा फुटतात की खरी वाट कोणती ते नवख्याला कळत नाही, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असे. मग तो गुरं पोराच्या हवाली करायचा, कोयता कमरेला अडकवायचा आणि पुढे व्हायचा. ‘चला, फाट्यापातुर येतो.’ फाटा आला की, ‘त्या आंब्यापातुर येतो.’ आंबा आला की, ‘आता खिंडीपातुर येतोच.’ खिंडीत कुणी खिशात हात घातला की तो ओशाळायचा. तंबाखूची चिमूट तेवढी घ्यायचा आणि आल्या वाटेनं परतायचा. त्याची सकाळ आमच्यापायी गेलेली असायची.

संध्याकाळी वस्ती गाठली की ‘बसा पाव्हणं’. शेणानं सारवलेली पडवी, कुडाची भिंत, एका कोपऱ्यात करडू बांधलेलं. कुठलं गाव, एवढंच विचारत. मुंबई म्हटलं की, ‘आमचा भाचा हाय म्हमईत, मशीद बंदरला हमाली करतो. गाठ पडती का?’ गाठ पडत नसे, पण निघताना वरईची पुरचुंडी आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी हाती येई. आमच्यापैकी कितीजण पुढच्या रविवारी मशीद बंदराच्या गल्ल्यांतून ती पुरचुंडी घेऊन भाचा शोधत हिंडले आहेत.

चुलीवरची भाकरी नागलीची, सोबत मिरचीचा ठेचा, नशीब असेल तर उडदाचं पिठलं. बाई भाकरी थापत राहायची आणि पोरं संकोचली की ओरडायची, ‘खा रं, डोंगार चढायचाय.’ आज हिशेब मांडला तर घास अडतो. उताराच्या त्या तुकड्यांवरचं भात, नागली, वरई घरच्यांनाच वर्षभर पुरत नसे. पीक सरलं की माणसं नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला उतरत. मीठ-तेल राजूरच्या बाजारातून डोक्यावर येई. त्या घरांनी आम्हाला ‘आणखी एक घ्या’ म्हणून वाढलं.

आणि पाणी! सह्याद्रीत पाऊस मोजता येणार नाही इतका पडतो आणि एप्रिलात झऱ्याला वाटी लावून बसावं लागतं. बाया अर्धी रात्र झऱ्यापाशी काढून हंडा भरायच्या. दुपारी आम्ही पाच-सहाजण दारात उभे, घसे कोरडे. तो हंडा आमच्यापुढे यायचा, पेल्यामागून पेला ओतला जायचा. पैशाचं नाव काढलं तर ती माउली रागवायची. ‘पाण्याचं कसलं पैसं?’

पावसात घाटघरकडे भिजून पोचलो की गुरुजी शाळेची किल्ली देत. आवणीहून परतलेली माणसं स्वतःची इरली खुंटीला लावायच्या आधी आमचे कपडे चुलीवरच्या दांडीवर पसरत. घरातली कोरडी घोंगडी कुणाच्या अंगावर गेली हे सकाळी कळे.

मुक्कामाची एस.टी. विसरून कसं चालेल? रात्री गावात झोपणारी, पहाटे निघणारी. आम्ही देवळात घोरत असलो तर कंडक्टर स्वतः येऊन उठवायचा आणि ‘पोरं बूट घालतायत’ म्हणून ड्रायव्हरला थांबवायचा. ती गाडी चुकली तर दुसरी त्याच रात्री, हे त्याला ठाऊक असायचं.

आम्हीही काही न्यायचो. साखर, चहाची पुडी, काड्यापेट्या, मुलांना लिमलेटच्या गोळ्या, फोडांना लावायचं मलम. एकदा फोटो धुऊन पोस्टानं पाठवले की पुढच्या खेपेला ते देवाच्या तसबिरीशेजारी लावलेले दिसत, आमच्या विस्कटलेल्या केसांसकट.

आता पाचनईत जेवणाची, मुक्कामाची सोय पैसे देऊन होते, गडावरही होते. आमच्याच वयाचे काही जुने भटके कुरकुरतात, की पूर्वीचा डोंगर राहिला नाही, आता थाळीचे पैसे मागतात. मला ही कुरकुर अजिबात पटत नाही. ज्या घरांनी एवढी वर्षं मोबदला न घेता वाढलं, त्यांच्या नातवंडांना त्याच चुलीवर चार पैसे मिळतायत आणि मजुरीसाठी गाव सोडणं थोडं तरी टळतंय, तर ते उशिरा का होईना, रास्तच झालं. मला त्याचा आनंद वाटतो.

तेव्हा या मोसमात त्या बाजूला गेलात तर शिधा शहरातून ओढून नेऊ नका. गावातच जेवा, सांगतील ती रक्कम द्या, घासाघीस करू नका. वाट दाखवायला माणूस आला तर त्याच्या दिवसाची मजुरी आधीच ठरवा, म्हणजे खिंडीत त्याला ओशाळावं लागणार नाही.