पेढी आणि मैदान

खेळाविषयी आपल्या घरांतील दृष्टी तीन पिढ्यांत कशी पालटली, याचा ताळेबंद मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

माझ्या वडिलांच्या पिढीला खेळ शाळेपुरता ठाऊक होता. परभणीच्या मोंढ्यात हंगाम सुरू झाला की मुलाची जागा पेढीवर. आमच्या पिढीने खेळावर प्रेम केले, पण ते रेडिओला कान लावून. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. घरातील वडीलधारे मात्र अधिक कौतुकाने सांगत की, वाडेकर स्टेट बँकेत नोकरीस आहेत! खेळाने नाव होई, संसार नोकरीवर चाले. पुढे मला बँकेत खेळाडू म्हणून भरती झालेले सहकारी लाभले. त्यांची सकाळ मैदानावर जाई आणि दुपार काउंटरवर.

२००८ मध्ये आयपीएल व २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळ हाच व्यवसाय होऊ लागला. जालन्याच्या विजय झोलने २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. बीडच्या सचिन धसने २०२४ मध्ये त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या. त्यामुळे आज सेलू-मानवतचा मुलगा खेळाडू होईन म्हणाला, तर ते हसण्यावारी नेता येत नाही.

तरीही हिशेब करावाच. आयपीएलचे संघ दहा, प्रत्येकी खेळाडू जास्तीत जास्त २५, त्यांत परदेशी आठपर्यंत. परदेशी जागा पूर्ण भरल्या तर साऱ्या देशातील मुलांसाठी उरतात १७०. इतर खेळांत नोकरीचा आधार आजही लागतो. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे सैन्यात आहेत; पॅरिसचे कांस्यपदक जिंकणारे कोल्हापूरचे स्वप्नील कुसाळे रेल्वेत.

याहून मोठी चिंता वेगळीच आहे. काही तरुणांची खेळाची आवड मोबाइलवर संघ निवडून पैसे लावण्यापुरती उरली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण आपल्या सात व्यसनांच्या यादीत जुगार मुळातच पहिला आहे. मैदानावर घाम गाळणारा आणि घरबसल्या डाव लावणारा, या दोघांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्याला बळ द्यावे, दुसऱ्याला वेळीच आवरावे.

माझा नातू बॅडमिंटन शिकतो. सायंकाळचा सराव आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांची वेळ एकच येई. सुनेने सराव पहाटेवर नेला. नियमही राहिला, खेळही राहिला.

नवे दुकान उघडताना आपण पहिल्याच वर्षी नफा मागत नाही. भांडवल आणि मुदत ठरवतो. मुलाच्या खेळालाही तेवढेच द्यावे. चार-पाच वर्षे मनापासून साथ द्यावी, शिक्षण सुटू देऊ नये आणि मुदत संपल्यावर त्याच्यासोबत बसून शांतपणे हिशेब करावा. पदक मिळाले नाही तरी लागलेली शिस्त त्याला पेढीवरही उपयोगी पडेल.