जाब, जबाब आणि एक टीबी

एक टीबी म्हणजे किती हे आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला समजावून सांगायला नको. प्रत्येक विंगमध्ये एकाकडे तरी तेवढी हार्ड डिस्क असतेच, आणि अख्ख्या बॅचचे पिक्चर्स, सिनियर्सच्या जर्नल्स आणि गोवा ट्रिपचे फोटो कोंबूनही तिच्यात जागा उरते. अशीच एक टीबीची डिस्क तमिळनाडूत, तुतिकोरिन जिल्ह्यातल्या सातानकुलम पोलीस ठाण्यात होती. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे.

१९ जून २०२०. लॉकडाऊनचे दिवस. मोबाइलचं दुकान असलेल्या पी. जयराज यांना, दुकान ठरलेल्या वेळेनंतरही उघडं ठेवलं या आरोपावरून पोलिसांनी ठाण्यात नेलं. वडिलांना का नेलं हे विचारायला मुलगा बेनिक्स मागोमाग गेला, तर त्यालाही आत घेतलं. रात्रभर दोघांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी कोविलपट्टीच्या सबजेलमध्ये झाली. २२ तारखेच्या रात्री बेनिक्स गेला, २३ च्या सकाळी जयराज. कारण काय, तर दुकान! (आपल्या गेटबाहेरचा अण्णा सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत चहा देतो, ते आठवून माझ्या पोटात गोळाच आला.)

मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि कोविलपट्टीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना चौकशीसाठी त्या ठाण्यात पाठवलं. ठाण्यात कॅमेरे होते. त्यांनी फुटेज मागितलं. तेव्हा कळलं की डिस्क एक टीबीची आहे, जागा भरपूर आहे, पण सेटिंग असं आहे की रोजचं रेकॉर्डिंग रोज आपोआप पुसलं जावं! १९ तारखेचं काहीही शिल्लक नव्हतं.

आता आपण इंजिनिअर लोक, म्हणून हिशेब करून बघितला. एक साधा कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट या दराने रेकॉर्ड करतो असं धरलं, तर दिवसाला साधारण ११ जीबी होतात. चार कॅमेरे धरा, ४४ जीबी. म्हणजे डिस्क भरायला तीन आठवडे लागले असते. ती रोज रिकामी होत होती. डीव्हीआरच्या मेनूत हा पर्याय आपोआप निवडला जात नाही, कुणाचं तरी बोट लागतं.

फुटेज नसताना उपयोगी पडली ती त्याच ठाण्यातली एक हेड कॉन्स्टेबल, रेवती. रात्रभर मारहाण झाली, लाठ्यांवर आणि टेबलावर रक्त होतं, असं तिने न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितलं. सांगताना ती घाबरलेली होती, सही करायलाही कचरत होती. बाहेर तिचेच सहकारी उभे! शेवटी तिने सही केली. पुरावे नाहीसे होऊ नयेत म्हणून हायकोर्टाने ते ठाणंच महसूल खात्याच्या ताब्यात द्यायला लावलं. पोलीस ठाण्यावर तहसीलदाराचा पहारा, असं आपण कधी ऐकलं होतं का?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'अकाउंटेबिलिटी'ला मराठीत काय म्हणतात ते शोधावं लागलं. डिक्शनरीत 'उत्तरदायित्व' असा भला मोठा शब्द सापडला. आजी म्हणाली, "अगं, जाब विचारणं म्हण की." मला तो शब्द फार आवडला. कारण ठाण्यात आपला 'जबाब' नोंदवतात ना! आपला जबाब पोलीस घेतात, त्यांना जाब कोण विचारणार, एवढाच काय तो प्रश्न आहे.

नियम नाहीत असं मुळीच नाही. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो हवा, त्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. ही यादी ठाण्यात दिसेल अशी लावायची असते. मग प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये कायदा बदलला. आणि सातानकुलमनंतर सहाच महिन्यांनी, २ डिसेंबर २०२० ला, परमवीर सिंग सैनी खटल्यात कोर्टाने सांगितलं की देशातल्या प्रत्येक ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, येण्याजाण्याची दारं, सगळीकडे आवाजासह रेकॉर्ड करणारे कॅमेरे हवेत. रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, आणि तशी सोय नसेल तरी निदान एक वर्ष.

वाचून बरं वाटलं. पुढे वाचलं आणि हसू आलं. कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी कुणाची? ठाणे प्रमुखाची! म्हणजे ज्याची व्हायवा, त्यालाच एक्स्टर्नल नेमलं. देखरेखीला जिल्हा समिती सांगितली आहे, जिल्हाधिकारी आणि एसपी तिच्यात असतात, पण बिघाड झाला हे समितीला कळवायचं पुन्हा ठाणे प्रमुखानेच. इंटर्नल मार्क्स कसे पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांच्या प्रश्नात सुप्रीम कोर्टाला पुन्हा स्वतःहून लक्ष घालावं लागलं, यात मला तरी काही नवल वाटलं नाही.

माझा मामा हवालदार आहे. गणपतीत तो कधीच घरी नसतो. बंदोबस्त संपवून आला की बूट काढायचंही त्राण नसतं, मामी काढते. त्यामुळे 'सगळे पोलीस तसलेच' असं मेसमध्ये कुणी म्हणालं की मला राग येतो. दिवाळीत मी त्याला सातानकुलमची सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मामा, तू रेवतीच्या जागी असतास तर?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सही केली असती का, ते नाही सांगता येत बघ. साहेबांच्या हाताखाली अजून सात वर्षं काढायचीत. तुझ्या भावाची बारावी आहे." मामीने आतून ताट ठेवल्याचा आवाज जरा जोरात केला.

"त्या बाईचं पुढं काय झालं?" त्याने विचारलं. हायकोर्टाने तिला संरक्षण दिलं, असं मी सांगितलं. "ते एक बरं झालं," म्हणाला, आणि परत गप्प.

"तुमच्या ठाण्यात कॅमेरे आहेत ना?"

"आहेत की. चांगले आहेत, नवीन आहेत."

"आणि डीव्हीआर?"

"तो साहेबांच्या केबिनमध्ये."