ओठावरची लव

मनुष्यदेहाबरोबर जन्मास येणाऱ्या गोष्टींत अंगावरील लव ही अत्यंत क्षुद्र म्हणून गणली जात असली, तरी स्त्रीच्या आयुष्यात तिच्यापायी जितका वेळ, जितके द्रव्य आणि जितके मनःस्वास्थ्य खर्ची पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशापायी पडत असेल. आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात जन्मून तेथेच प्रौढ झालेल्या माझ्यासारख्या बाईला या लवेची कैफियत मांडायची म्हटले की घरातल्या बायकांची, घाटाच्या रस्त्याची आणि पावसाचीही हकीकत ओघाने सांगावी लागते.

तिचा आरंभ बाळंतिणीच्या खोलीतच होतो. आमच्याकडे मूल न्हाऊ घालावयास येणारी बाई कणकेच्या गोळ्यात हळद आणि खोबरेल कालवून तो गोळा तान्ह्या मुलीच्या पाठीवर, खांद्यांवर आणि कपाळावर गोल गोल फिरवीत असे. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी हा विधी उंबऱ्यावर बसून पाहिला आहे: चुलीवरच्या पाण्याची वाफ, पाटावर पाय पसरून बसलेली ती बाई, तिच्या नडग्यांवर पालथी घातलेली इवलीशी पाठ, आणि गोळा पिवळ्याचा करडा होत गेला की त्यात गुंतलेले मऊ काळे तंतू ती आजीपुढे धरी, तेव्हा आजीच्या मुखावर उमटणारे समाधान. वस्तुतः गर्भावस्थेत आलेली ही लव जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआपच गळून जाते आणि श्रेय मात्र कणकेला मिळते. पण घरात मुलगा जन्मला की तोच गोळा दोन वळशांत आटोपत असे, हे मी त्या वयातही टिपले होते.

ही अरुची आपल्या परंपरेत अनादि आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या नवयौवनाचे वर्णन करताना कालिदासाने तिच्या नाभीपर्यंत गेलेल्या तनु रोमराजीला सौंदर्याच्या तपशिलांत मानाचे स्थान दिले आहे, आणि त्याच्या मागून आलेल्या संस्कृत कवींनीही ही रोमावली आवडीने वर्णिली आहे. कवींना जे भूषण वाटले ते आमच्या पिढीच्या मुलींना दूषण म्हणून ऐकावे लागले, याचे मला कॉलेजात तो सर्ग वाचताना जे नवल वाटले ते आजही ओसरलेले नाही.

माझ्या ओठावर लव दिसू लागली ती शाळेच्या अखेरच्या वर्षांत. शेजारच्या एका काकींनी भर अंगणात त्याचा उच्चार केला, तेव्हा तांदूळ निवडीत बसलेली आजी मान वर न करता म्हणाली, “चेडवाक कित्या नावां ठेवतास? देवान दिलेला आसा, ऱ्हवांदे.” त्या एका वाक्याने मला जो आधार दिला तो मी विसरलेली नाही. परंतु आजीची हुकमत अंगणापुरतीच होती. पुढे सावंतवाडीस शिकावयास गेले तेव्हा वसतिगृहातील मुली ब्लीचची भुकटी आणि मलई बशीत कालवून एकमेकींच्या ओठांवर थापीत आणि डोळ्यांत पाणी येईतो दम धरीत. आणि लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आईने स्वतः मला बाजारातील एका ब्यूटी पार्लरमध्ये नेले. तेथील बाई दोऱ्याचे एक टोक दातांत धरी, दोन्ही हातांच्या बोटांत त्याचा पीळ घाली आणि मला जीभ आतून वरच्या ओठाला टेकवून कातडी ताठ धरावयास सांगे. परतीच्या एस.टी.त दाणोली मागे पडून घाट लागला आणि धुके खिडकीतून आत येऊ लागले की पदर तोंडावर ओढून मी तो लाल झालेला ओठ झाकीत असे. ही वहिवाट लग्नानंतरही अनेक वर्षे चालली. महिना भरण्याच्या आतच लव पुन्हा तगादा लावी, आणि जून उजाडला की घाटात दरड येई, गाडी बंद पडे, मुदत टळे.

केस काढण्याचे घरी वापरावयाचे एक यंत्र माझ्या बहिणीने मुंबईहून आणून दिले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. त्याला सर्रास लेझर म्हणतात. पण घरगुती यंत्रांपैकी बहुतेकांत लेझर नसून तीव्र प्रकाशाचे क्षणिक स्फुरण करणारा दिवा असतो, ज्याला आयपीएल अशी संज्ञा आहे. खरे घरगुती लेझर अमेरिकेत २००८ साली ट्रिया या नावाने मान्यता पावले. दोहोंमागचे तत्त्व मात्र एकच, आणि ते बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन वैद्यांनी १९८३ साली सिद्धांतरूपाने मांडले: केसातील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, त्याची उष्णता होते, आणि स्फुरण पुरेसे अल्पकाळ असेल तर ती उष्णता भोवतालच्या कातडीत पसरण्यापूर्वी मुळापाशीच आपले काम करते. म्हणून केस आधी वस्तऱ्याने कातडीलगत काढावा लागतो; दोऱ्याने वा मेणाने उपटला तर प्रकाशाला पोहोचण्यास मूळच उरत नाही. शिवाय सर्व केस एकाच वेळी वाढत नसतात. वाढीच्या अवस्थेतल्या केसावरच हा इलाज चालतो, म्हणून पंधरवड्यापंधरवड्याने तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. एवढे करूनही केसांचे समूळ उच्चाटन होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या उपायांना ‘केसांची कायमची घट’ एवढेच म्हणण्याची मुभा दिली आहे, आणि माझा अनुभव त्या शब्दयोजनेशी तंतोतंत जुळतो.

यंत्राच्या पेटीत एक रंगपट्टी होती. गोऱ्यापासून गडद काळ्यापर्यंतचे चौकोन एका ओळीत छापलेले, आणि आपला हात त्यांच्याशेजारी धरून आपला चौकोन आपणच शोधावयाचा. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनी ज्या नजरेने माझा रंग जोखला होता तिच्याहून ही नजर सर्वस्वी निराळी होती, कारण येथे रंग विचारला जात होता तो माझ्याच रक्षणासाठी: मेलॅनिन कातडीतही असते, आणि कातडी जितकी सावळी तितका प्रकाश ती स्वतःच गिळते आणि भाजते. मनगटाच्या आतल्या बाजूस, जेथे कातडी निमगोरी आहे तेथे, यंत्र टेकवताच शुभ्र प्रकाश लखकन चमके, सुईच्या टोकासारखी ऊब बोचे आणि जळक्या केसाचा किंचित वास येई. तेच कोपराच्या काळपट कातडीवर ठेवले की ते मुळीच पेटत नसे, नुसता तांबडा इशारा देई. अतिशय गडद वर्णाच्या स्त्रियांनी या घरगुती यंत्रांच्या वाटेस जाऊ नये. त्यांच्यासाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे निओडिमियम-याग लेझर त्वचारोगतज्ज्ञांकडे असते, ते अधिक खोल जाते आणि कातडीला कमी उपद्रव देते. गोंदणावर तर यंत्र कदापि धरू नये, कारण शाई हाही रंगच, आणि प्रकाश तो भेद जाणत नाही. आमच्या घाटातल्या कित्येक प्रौढ बायकांच्या हातांवर गोंदण आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

उन्हाने रापलेल्या कातडीवर हा उपाय निषिद्ध, आणि उपायानंतरही काही दिवस ऊन वर्ज्य. मुंबईच्या वा मालवणच्या बाईला हे पथ्य किती जाचक वाटत असेल याची मला कल्पना आहे. परंतु आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणात सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही. वैशाखात काजूच्या बागेत रापलेले हात मृगानंतर हळूहळू उजळत. मग एखाद्या दुपारी, बाहेर ओहोळ गर्जत असताना आणि ओले कपडे चुलीवरच्या दांडीवर टांगलेले असताना, वीज आहे तोवर दार लोटून मी ते यंत्र घेऊन बसे. ज्या पावसाने माझी सावंतवाडीची वाट वर्षानुवर्षे अडवली तोच येथे माझा साह्यकर्ता झाला. त्या खोलीत माझ्या देहाविषयी मत देणारे कोणी नव्हते. ओठावर काय ठेवावे आणि काय काढावे याचा निर्णय आयुष्यात प्रथमच मी एकटीने घेत होते, आणि हे स्वातंत्र्य मला त्या गुळगुळीत झालेल्या कातडीहून अधिक मोलाचे वाटले. हातांवरची लव तर मी काही दिवसांनी विचारपूर्वक तशीच राहू दिली.

आता हनुवटीवर जे केस येतात ते पांढरे आहेत. त्यांत रंगद्रव्यच नसल्यामुळे प्रकाशाला धरावयास काही उरत नाही, आणि यंत्र माझ्या कामाचे राहिलेले नाही. माझी भाची ते मागावयास आली, तेव्हा तिच्या हनुवटीवरचे राठ केस पाहून मी तिला पाळीविषयी विचारले. ती तीन-तीन महिने येत नव्हती, आणि घरात कोणी त्याची वास्तपुस्त केली नव्हती. स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९३५ साली ज्या विकाराचे वर्णन केले आणि ज्याला आज पीसीओएस म्हणतात, तो प्रजननक्षम वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे सुमारे दहा जणींत आढळतो; अनियमित पाळी आणि चेहऱ्यावरचे दाट केस ही त्याची ठळक चिन्हे होत, आणि तो अंगावर काढला तर पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. अशा मुलीच्या हनुवटीवर नुसता प्रकाश पाडणे म्हणजे दस्तऐवज न वाचता फाडण्यासारखे आहे. आत संप्रेरकांचे असंतुलन चालू राहिले तर केसही पुन्हा येत राहतात. मी तिला प्रथम सावंतवाडीस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले, तपासण्या झाल्या, औषध सुरू झाले, आणि त्यानंतरच यंत्र तिच्या हाती दिले.

ज्या घरांत वयात आलेल्या मुली आहेत त्या घरांतील आयांना माझी विनंती आहे की मुलीच्या ओठावर वा हनुवटीवर एकाएकी दाट केस दिसू लागले, तर तिला पार्लरमध्ये नेण्यापूर्वी आणि यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी पाळी नियमित आहे की नाही हे मायेने विचारावे, नसल्यास तिला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्यानंतर ती लव ठेवावयाची की काढावयाची हे तिचे तिला ठरवू द्यावे.