फणसाची सुरी

खेडच्या घराची वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी, उखळ, पितळी समया असं सगळं कागदावर चढलं. अडलं ते आजीच्या फणस फोडायच्या सुरीपाशी. आजोबांनी ती पलटणीतून आणलेली, १९०७ सालची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. धाकट्या काकांना ती लाखाची वाटे. एका दुकानदाराने उलटीपालटी करून दोन हजार सांगितले, घासून लखलखीत केली तर तीन. मी पॉलिश पेपर विकत घेतला आणि, एकदा दाखवून तर बघू म्हणून, खडकीला नानांकडे गेले.

नाना आमचे कुणी नव्हेत. मैत्रिणीच्या शेजारचे, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. सुरी हातात घेताच त्यांनी आधी वास घेतला. "फणस?" मी मान हलवली.

खिडकीशी नेऊन, तेलाच्या फडक्याने पुसून त्यांनी ती तिरप्या उजेडात धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. मुकुट, त्याखाली १९०७, आणि त्याच्याही खाली, आम्ही कुणी कधी न पाहिलेले, १० आणि १७. "१९०७ हे नमुन्याचं साल गं. पातं घडलंय ऑक्टोबर १९१७ मध्ये, विल्किन्सन कंपनीत." मग माझं बोट धरून पात्यावरच्या पन्हळीतून फिरवलं. पन्हळ थेट टोकाला भिडत होती. ही सुरी म्हणजे ली-एनफिल्ड रायफलची संगीन; ती मुळात सतरा इंची, तिची पन्हळ टोकाच्या बरीच आधी संपते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात अशा संगिनी कापून बारा इंची केल्या. नानांनी पट्टी लावली. बरोबर बारा.

"हा बदल लष्कराचा. याने किंमत पडत नाही. पण हे बघ." बंदुकीच्या तोंडाशी अडकणारं कडं कानशीने साफ उतरवलेलं. अक्रोडाच्या मूळ पट्ट्या जाऊन शिसवाच्या बसवलेल्या, स्क्रूंच्या जागी तांब्याचे खिळे. गावच्या लोहाराचं काम. संग्राहक इथेच हात आखडता घेतो. लाख तर नाहीच, तीन हजारही कुणी हौशीच देईल.

पुढचं सांगताना ते थांबले. संगीन सरकारची, सुटताना जमा करावी लागते, ही बहुधा पुढे भंगाराच्या लिलावातून आली असावी. माझा चेहरा उतरला असणार, कारण लगेच म्हणाले, "आजोबा पलटणीत होते ते काही याने खोटं होत नाही."

पिशवीतून डोकावणारा पॉलिश पेपर त्यांनी काढून आपल्या खणात टाकला. "खुणा घासल्यास तर मग नुसतं लोखंड उरेल." वाण्याच्या बिलामागे त्यांनी सगळं लिहून दिलं, लष्कराचे बदल एकीकडे, लोहाराचे दुसरीकडे. दोन तास गेले होते. पैसे विचारले तर हात जोडले.

तो कागद धाकट्या काकांनी दोनदा वाचला आणि यादीतल्या सुरीवर स्वतःच रेघ मारली. दोन महिन्यांचा अबोला त्या संध्याकाळी सुटला. नानांनी आमच्यासाठी काय केलं हे त्यांना सांगायला मला नीट जमलेलं नाही.

मे महिन्यात गऱ्यांचा डबा घेऊन गेले. झाकण उघडण्याआधी नानांनी विचारलं, "त्याच सुरीने फोडलास ना?"