प्रतीक्षा आणि कोंडी

अंतर्गत गुण संगणकात भरण्याच्या शेवटच्या दिवशी माझे काम तीनदा वाया गेले. द्वितीय वर्षाच्या वर्गात मराठी घेणारे 18 विद्यार्थी. चाचणी, प्रकल्प आणि उपस्थिती अशा त्यांच्या गुणांच्या तीन याद्या. प्रत्येक यादी भरून ‘जतन करा’ म्हटले की पडदा काही क्षण थबकायचा आणि नोंद न झाल्याचा लाल मजकूर उमटायचा. त्यात 1213 असा एक आकडा होता, तो मी सवयीने टिपून ठेवला. शेजारच्या टेबलावर इतिहासाचे सहकारी त्याच वर्गातल्या 72 विद्यार्थ्यांचे गुण भरत होते. त्यांच्या याद्या, रखडत का होईना, जतन होत होत्या. माझे 18 विद्यार्थी त्या 72 मध्येच होते.

आमच्यात एका तासिकेवरून जुनी धुसफूस होती. अशा वेळी संशयाला पुरावा लागत नाही, निमित्त पुरते. ते मुद्दामच माझ्या नोंदी अडवीत आहेत, असे मी मनाशी ठरवले आणि त्याच रात्री प्राचार्यांच्या नावे तक्रारीचे पत्र लिहिले. पत्र चांगले उतरले होते. रागात माझे गद्य नेहमीच सुधारते.

दुसऱ्या दिवशी एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. तिने आमच्याकडे मराठी घेऊन बी. ए. केले आणि पुढे डेटाबेसच्या कामात शिरली. आकडा ऐकताच ती म्हणाली, “मॅडम, हा डेडलॉक आहे. तुमची यादी कोणत्या क्रमाने होती? आणि सरांची?” माझी हजेरी क्रमांकाने होती. सरांची गुणानुक्रमे, सर्वाधिक गुणांपासून खाली. “मग झालं तर,” ती म्हणाली.

तिने जे समजावले, ते माझ्या भाषेत असे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या एकूण गुणांची एक ओळ असते. समजा, तिथे 40 आहेत. मी 18 मिळवू पाहते, सर 15. दोघांनीही 40 हाच आकडा वाचला, मी 58 लिहिले आणि पाठोपाठ त्यांनी 55 लिहिले, तर माझे 18 कोणालाही न कळता नाहीसे होतील. म्हणून ओळ बदलणारा आधी तिला कुलूप लावतो आणि आपला सारा व्यवहार पुरा झाल्यावरच ते काढतो. दरम्यान ती ओळ बदलू पाहणाऱ्या दुसऱ्याने थांबायचे. ही झाली प्रतीक्षा. तिला अंत असतो. पुढचा माणूस आपले काम उरकेल आणि वाट मोकळी होईल. कुलूप लावून कोणी चहाला निघून गेलाच, तर त्यावरही मर्यादा आहे. आमची प्रणाली मायएसक्यूएलवर चालते. तिथे ही मुदत सहसा 50 सेकंदांची असते. तेवढ्यात कुलूप निघाले नाही तर थांबलेल्याला तसे कळवले जाते. त्या चुकीचा आकडाही वेगळा, 1205.

कोंडीची गोष्ट निराळी. मी क्रमांक 4 ला कुलूप लावून पुढे निघाले. सरांनी वर्गात पहिल्या आलेल्या क्रमांक 61 ला कुलूप लावून सुरुवात केली. मी 61 पाशी पोहोचले तेव्हा ती ओळ त्यांच्या ताब्यात, आणि ते 4 पाशी आले तेव्हा ती माझ्या. आता मी त्यांच्यासाठी थांबले आहे, ते माझ्यासाठी. दोघांनीही नियम पाळला, दोघेही सौजन्याने वाट पाहत आहेत, आणि या वाट पाहण्याला शेवटच नाही. एरवी हे क्षणार्धात उरकते; पण शेवटच्या दिवशी सर्वांची झुंबड, यंत्र मंदावलेले, त्यात आमच्या प्रणालीत अख्खी यादी हा एकच व्यवहार. कुलपे रेंगाळली आणि गाठ पडली.

कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी 1971 साली एका निबंधात या कोंडीच्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात असते; हातातले न सोडता माणूस दुसऱ्याची मागणी करतो; कोणाकडून काही हिसकावून घेता येत नाही; आणि मागणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होते. चारही एकत्र आल्याशिवाय कोंडी होत नाही. ‘अँटिगनी’ शिकवताना हेगेलचा विचार मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे, की शोकांतिकेत न्याय आणि अन्याय यांची झुंज नसते, दोन न्याय्य बाजूंची असते. वर्गात ते सांगणे सोपे होते. माझ्या पत्रात मात्र एक खलपुरुष होता, आणि या चार अटींत त्याला कुठेही जागा नव्हती.

तरी एक प्रश्न उरला. तिन्ही वेळा माघार माझ्याच वाट्याला का? ती जरा थांबून म्हणाली, “वर्तुळ झालेलं लक्षात आलं की यंत्र एकाचा व्यवहार पूर्ण मागे घेतं. बळी निवडताना कोणी किती ओळी बदलल्या आहेत ते पाहतं. ज्याच्या कमी, त्याला सहसा मागे घेतं.” सरांच्या तोवर तीसेक ओळी बदलून झालेल्या असणार, माझ्या सात-आठ.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते. मराठीचा वर्ग लहान, म्हणून त्याची हानी लहान, म्हणून त्याने मागे व्हावे. कार्यभाराच्या प्रत्येक बैठकीत, तासिका कमी करताना, मी हेच गणित ऐकत आले आहे. पण यंत्राच्या नियमावर रागावताना मला त्याची दुसरी बाजूही दिसली. तिथे मागे घेतलेल्या व्यवहाराचे काहीही अर्धवट राहत नाही. सारे होते तसे पूर्ववत होते. त्याच्यावर ठपका नसतो, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून यावे, अशी अपेक्षाच असते. पुन्हा येता येते म्हणूनच लहानाला मागे घेण्यात अन्याय नाही. आमच्या बैठकांत नियमाचा पहिला अर्धा भाग तेवढा पाळला जातो. एकदा गेलेली तासिका परत आल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

इलाज साधा निघाला. यादी पडद्यावर कोणत्याही क्रमाने दिसो, जतन करताना सर्वांनी हजेरी क्रमांकानेच जायचे. सगळे एकाच दिशेने चालले की कोणी कोणासाठी थांबेल, पण वर्तुळ होणार नाही. प्रणालीची देखभाल करणाऱ्याने तेवढा बदल केला, आणि तरीही कधी व्यवहार मागे घेतला गेलाच तर तो आपोआप पुन्हा सुरू होईल, अशी सोय केली. त्यानंतरच्या सत्रात 1213 दिसला नाही.

पत्र प्राचार्यांकडे पोहोचले नव्हते, पर्समध्येच होते. मी सरांना जाऊन सारे सांगितले, पत्राचेही. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी माझा पडदा सारखा अडकत होता. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी करताय.” त्यांनी पत्र लिहिले नव्हते, इतकाच आमच्यातला फरक.

त्या जुन्या तासिकेचा विषय मात्र आम्ही दोघांनीही काढला नाही. तिथे आधी कोणी बोलायचे, याचा क्रम अजून ठरलेला नाही.